व्यासपीठ कोणी व कशाने सजवावे?

वार्षिक परीक्षा आटोपून उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्या वर्धा जिल्ह्यातील मंडळ्यांतून सुटीतील पवित्र शास्त्रशाळेची तयारी सुरू होते. आठ-दहा दिवसांची ही शाळा मुलांच्या फार आवडीची. गाणी, गोष्टी, पाठांतर, हस्तव्यवसाय आणि शेवटच्या दिवशी आईबापांसमोर होणारा समारंभ, असा तिचा क्रम असतो. परंतु अलीकडे या तयारीतील पहिला प्रश्न ‘मुलांस काय शिकवावे?’ हा न राहता ‘यंदा व्यासपीठावर काय लावावे?’ हा होऊन बसला आहे. म्हणून या दुसऱ्या प्रश्नाविषयीच आमचे मत पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आमचीच चूक सांगतो. एके वर्षी आम्ही शिक्षकांनी वर्गणीचा मोठा भाग शहरातून छापून आणलेल्या फ्लेक्सच्या पडद्यावर खर्च केला. पडद्यावर निळा समुद्र, जहाज आणि नाना रंगांचे मासे होते. पहिल्याच दिवशी एका लहान मुलाने जवळ येऊन विचारले, “गुरुजी, याला हात लावून पाहू का?” आम्ही म्हणालो, “नको, मळेल.” मूल निमूटपणे मागे जाऊन बसले. पैसे संपल्यामुळे त्या वर्षी रंगीत खडू व हस्तव्यवसायाचे कागद आम्हांस निम्मेच घेता आले. पडद्यावर साल छापलेले असल्याने पुढील वर्षी तो निरुपयोगी ठरला. मुलांसाठी मांडलेल्या व्यासपीठास मुलांनी हात लावू नये, हा आमचा नियम किती विपरीत होता, हे आम्हांस त्या मुलाच्या चेहऱ्याने शिकविले.

तेव्हापासून आमचे मत असे बनले आहे की, ही सजावट मुलांनी स्वतः करावी आणि ती आपल्या शिवारातील वस्तूंची असावी. स्वस्ताई हा तिचा एक गुण झाला. मुख्य गुण तो नव्हे. सजावट करणे हाच शास्त्रशाळेतील एक पाठ आहे, हे मुख्य होय.

हा विचार शिकण्यासाठी आपणांस दूर जावयास नको. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे आपल्या वर्धा शहरातील मगनवाडीत होते. हातकागद, घाणीचे तेल, ताडगूळ अशा उद्योगांचे प्रयोग तेथे चालत. या संघाचे चिटणीस डॉ. जे. सी. कुमारप्पा हे तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यात जन्मलेले, विलायतेत व अमेरिकेत शिकलेले विद्वान गृहस्थ होते. वस्तू विकत घेणारा मनुष्य तिच्या उत्पादनातील बऱ्यावाईटाचाही वाटेकरी होतो, असे त्यांचे म्हणणे असे. आपले व्यासपीठ सजविताना हा ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ आपणांस आठवू नये काय?

सेवाग्रामी बापूकुटीत मातीच्या भिंतीवर मीराबहेन यांनी उठावाने काढलेली झाडे आहेत. एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या या कन्येस उंची सजावट ठाऊक नव्हती असे नव्हे. तरी तिने माती पत्करली. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे खेड्यातील पहिले काँग्रेस अधिवेशन भरले. त्याची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू व तत्सम साध्या ग्रामीण साहित्यातूनच साधली. इतका थोर कलावंत बांबूस हलके मानीत नाही, मग आपण का मानावे?

यावर कोणी म्हणतील, “देवाच्या कार्यास गोणपाट कसले वापरता? त्याला उत्तमच दिले पाहिजे.” हा आक्षेप भक्तीचा आहे, म्हणून त्याचा मान राखून उत्तर देतो. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाची हकिकत आहे. तो मंडप लोकांनी आपखुशीने आणलेल्या वस्तूंतून व बसालेल, अहलियाब आदी कारागिरांच्या हातांतून उभा राहिला. स्त्रियांनी स्वतः सूत कातून दिले. आणि शेवटी दाने इतकी झाली की आता पुरे, असे मोशेला सांगावे लागले. त्यात सोनेही होते, हे खरे. पण ज्याच्यापाशी जे होते ते त्याने आणले, हे अधिक खरे. आपल्यापाशी जे नाही ते उधारीने आणणे म्हणजे उत्तम देणे नव्हे. शिवाय ज्या शास्त्रशाळांचे अनुकरण आपण करतो, त्यांचा एक आरंभ १८९८ साली न्यूयॉर्क शहरात श्रीमती हॉज यांनी भाड्याने घेतलेल्या एका मद्यगृहात झाला, हेही लक्षात ठेवावे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. बारा फूट रुंद व आठ फूट उंच पडद्यास धान्याची सात-आठ रिकामी पोती पुरतात. ती उसवून, दाभणाने जोडून बांबूच्या चौकटीवर सुतळीने ताणावीत. एक वाटी मैदा पाच वाट्या पाण्यात शिजवून खळ करावी व तिने रद्दी कागदाचे दोन-तीन थर पोत्यांवर चिकटवावेत. वाळल्यावर पांढऱ्या मातीत डिंकाचे पाणी मिसळून हात द्यावा. तांबडा रंग गेरूचा, काळा कोळशाचा. फाल्गुनात वेचून सावलीत वाळविलेली पळसाची फुले रात्रभर भिजवून उकळली की पिवळा-केशरी रंग मिळतो. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर तो गडद होतो. झाडांसाठी तुराट्या व शिंदीची पाने, ढगांसाठी आपला वऱ्हाडी कापूस! उन्हाच्या तडाख्याने चिकटविलेले सुटते, म्हणून जेथे शक्य तेथे बांधावे. पऱ्हाटी वापरल्यास तिची बोंडे आधी काढून टाकावीत आणि काम होताच ती नष्ट करावी. तीत गुलाबी बोंडअळी दडून राहते व शेतकऱ्याचे नुकसान होते. थर्माकोलाचा मोह तर मुळीच धरू नये. सजावटीच्या थर्माकोलावर महाराष्ट्रात २०१८ साली, व १ जुलै २०२२ पासून सर्व देशात बंदी आलेली आहे.

मात्र काटकसरीसही मर्यादा आहे. वैशाखात गोणपाट, कापूस व तुराट्या ठिणगीसरशी पेटतात. म्हणून त्यांच्याजवळ मेणबत्ती किंवा समई नसावी, विजेच्या तारा जाणत्या माणसाकडूनच जोडून घ्याव्यात, आणि वाळूच्या व पाण्याच्या बादल्या हाताशी ठेवाव्यात. वावटळीत टिकेल अशी चौकट मोठ्यांनी बांधावी. या बाबतीत, तसेच मुलांच्या पिण्याच्या पाण्यात व खाऊत पैसा वाचवू नये. पडद्यावर वाचलेला पैसा तेथेच लावावा.

त्या पडद्याच्या पुढील वर्षी आम्ही मुलांस विषय दिला: ‘पेरणाऱ्याचा दाखला’. वाट, खडक, काटे व काळी जमीन, ही चारही आमच्या मुलांनी रोज पाहिलेली. समुद्राप्रमाणे ती समजावून सांगावी लागली नाहीत. तट्ट्यावर माती लिंपून शेत दाखवावे असे ठरले, पण माती वाळून पडू लागली. तेव्हा एक मुलगी म्हणाली, “आमची आई घर लिंपते, तिला विचारू का?” तिची आई मजुरीस जाणारी, उपासनेत नेहमी शेवटच्या ओळीत बसणारी. ती आली, मातीत शेण व भुसा मिसळून कालवून दिला, आणि सहा मुलींस घेऊन व्यासपीठावर मांडी घालून बसली. आम्ही पदवीधर शिक्षक बाजूस उभे राहून पाहत होतो. समारंभाच्या दिवशी तिने पुन्हा मागची जागा धरली, परंतु मुलीने हात धरून तिला पुढे आणले व आल्यागेल्यास सांगितले, “हे शेत आईनं शिकवलं.”

पालकहो, वर्गणीच्या यादीत त्या माउलीचा आकडा अगदी लहान असे. मातीच्या कामात तिच्याहून मोठे देणे कोणाचेच नव्हते. विकतच्या पडद्यात तिला जागा नव्हती. आमच्या या तट्ट्यावर होती. ज्या मंडळीत पैशावरूनच देणाऱ्याची ओळख होते, तेथील मुले दाखल्याची वचने पाठ म्हणतील, पण निराळाच धडा घेऊन घरी जातील.

तेव्हा येत्या उन्हाळ्यात वर्गणीची वही उघडण्यापूर्वी प्रत्येक मुलास एवढेच विचारा की, “तुझ्या घरी काय आहे, आणि तुझ्या घरच्यांना काय करता येते?” विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही वाट पाहू नका, पळस फुलला की पिशवी घेऊन निघा. आणि एखाद्या धाकट्या भावंडाने पडद्यास हात लावू का, असे विचारले, तर त्याच्या हाती कुंचला द्या.