खिरापतीचे अर्थशास्त्र

दसरा-दिवाळी जवळ आली की सणांवरील वाढत्या खर्चाची चर्चा दरवर्षी होते. सणांतून ओसरत चाललेल्या हशाची चर्चा मात्र कोणी करीत नाही. वस्तुतः या दोहोंचा निकटचा संबंध आहे. बुलढाणा जिल्ह्यातील भुलाबाईचा उत्सव हे त्याचे बोलके उदाहरण होय.

भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजींच्या मातीच्या मूर्ती घरात बसतात, त्या कोजागरीपर्यंत. संध्याकाळी मुली घरोघर जाऊन टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात. त्या गाण्यांत सासरच्या माणसांची यथेच्छ थट्टा असते आणि ती ऐकायला एखादी सासूच ओसरीवर बसलेली असते. एरवी जे पुटपुटण्याचीही सोय नाही, ते येथे खुशाल गाता येते. आणि तीच गाणी म्हणत लहानाची मोठी झालेली सासूही हसते.

गाणी संपली की खिरापत ओळखण्याचा खेळ. घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखविते आणि मुली आवाजावरून आतला पदार्थ ताडतात. आमच्या आजीने एकदा गूळ-शेंगदाण्यांच्या डब्यात चिंचोक्यांची पुरचुंडी दडवली. मुली फुटाण्यांपासून बत्ताशांपर्यंत सारी नावे घेऊन थकल्या. तेव्हापासून आमच्या घरी कोणी काही लपवीत असल्याचा संशय आला, की ‘डब्यात चिंचोके आहेत’ असे म्हणतात आणि सारे घर हसते.

या खेळामागील व्यवहारज्ञान ध्यानात घेण्याजोगे आहे. भाद्रपद-आश्विन हे कोरडवाहू शेतकऱ्याच्या ओढाताणीचे दिवस. मूग-उडीद सोडले तर बहुतेक पीक शेतातच असते. कापसाचा पैसा हाती यायला अवकाश असतो. अशा दिवसांतील उत्सवाने पैशाऐवजी युक्तीला मान दिला. ज्याची खिरापत ओळखता आली नाही, ते घर जिंकले. त्यामुळे मूठभर फुटाणे ठेवणारे गरीब घरही सावकाराच्या घराला हरवू शकत असे.

विकतच्या मिठाईने नेमका हाच मान हिरावून घेतला. ज्या खोक्यावर पदार्थाचे नाव छापलेले असते, त्यात ओळखायचे काय उरते? उरते ती किमतीची तुलना. ती सुरू झाली, की फुटाणेवाल्या घरची मुलगी काहीतरी निमित्त सांगून घरीच थांबते. हे नुकसान कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. कोजागरीच्या मखरासाठी लागणारे ज्वारीचे धांडेही सोयाबीनच्या प्रसारानंतर दुर्मीळ झाले. परंतु मखर उसाचे करता येईल. हरवलेल्या बरोबरीला असा पर्याय नाही.

ही गाणी बालविवाहाच्या काळातील सासुरवासातून आली, हे खरे. तो काळ गेला याचा आनंदच मानला पाहिजे. मुलींच्या शाळा-शिकवण्यांमुळे महिनाभर गाणे आज शक्य नाही, हेही मान्य. तथापि कोजागरीची एक रात्र तरी राखता येईल. त्या रात्री मुलांनाही रिंगणात घ्यावे, सासूबाईंना ओसरीवर बसवावे. नियम मात्र एकच असावा: खिरापत घरची आणि डबा झाकलेला.