सातबारा जिवंत झाला, पण बहिणीचं नाव कुठंय?

मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची नावं लावण्यासाठी शासनाने काढलेली 'जिवंत सातबारा' मोहीम बुलढाणा जिल्ह्यातून सुरू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्यभर राबवली गेली. गावोगाव चावडीवाचन झालं. आजोबा-पणजोबांच्या नावावर पडून असलेल्या जमिनी पोरा-नातवंडांच्या नावावर आल्या. काम चांगलं झालं, यात वाद नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर ना कर्ज मिळतं ना अनुदान. प्रश्न एवढाच आहे की मेलेली नावं गेली तिथं बायकांची किती आली, आणि आलेली किती दिवस टिकणार?

कायद्यात आता संदिग्ध काही राहिलेलं नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ही अट गेली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याचा संबंध नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र उकरून काढता येत नाही.

हे झालं कागदावरचं. गावात काय होतं? वारस नोंदीला मृत्यूचा दाखला, वारसांबाबत प्रतिज्ञापत्र आणि सरपंच किंवा पोलीस पाटलाचा दाखला लागतो. काही घरांत प्रतिज्ञापत्रातच बहिणी गायब असतात. जिथं नावं लागतात तिथं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हक्कसोडपत्राची तारीख ठरते. भाऊ गाडी घेऊन बहिणीच्या दारात जातो, दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठा किंवा सही होते, येताना साडीचोळी होते. मोबदला शून्य. नव्या दरानं ५०० रुपयांच्या मुद्रांकावर तीन-चार एकरांचा वाटा निघून जातो.

बहीण सही का करते, हे गावात कुणाला विचारायची गरज नाही. दिवाळी, पंचमी, बाळंतपण, नवऱ्याच्या घरी काही बिनसलं तर परतायचं ठिकाण, हे सगळं भावाच्या दारात आहे. सही नाही केली तर ते दार बंद होईल ही भीती खरी असते. म्हणून 'तिनं राजीखुशीनं सोडलं' हे वाक्य जपून वाचावं लागतं. काही जणी खरंच राजीखुशीनं सोडतात, पण विचारायला आलेल्या भावाला नाही म्हणायची सोय किती जणींना होती?

भावांची बाजू अगदीच पोकळ नाही. राज्यात सरासरी खातं १.३४ हेक्टरचं, २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार. त्यात आणखी तुकडे पडले तर विहीर कुणाची, बांध कुणाचा, औत कसं न्यायचं? पण तीन भावांत वाटणी होते तेव्हा तुकड्यांची काळजी कुणी करत नाही, चौथी बहीण आली की ती आठवते. शिवाय सातबारावर नाव लागणं म्हणजे लगेच शेतात खुंट ठोकणं नव्हे. सामाईक खात्यात नाव राहू शकतं आणि शेत भाऊच कसू शकतो. 'लग्नात हिला दिलंच की' असंही म्हटलं जातं. जे दिलं ते सासरच्या हाती गेलं, तिच्या नावावर नाही. आणि हुंडा घेणं-देणं १९६१ पासून गुन्हा आहे, त्याचा हिशोब वाटणीत कसा धरणार?

बहिणीपेक्षाही अवघड जागा सुनेची आहे. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी, जनावरांचं शेणपाणी तिच्याच अंगावर. देशात काम करणाऱ्या ग्रामीण बायकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश शेतीत आहेत, तर खातेदारांत बायका जेमतेम १४ टक्के. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तो सातबारावरूनच निघतो. म्हणजे जी वर्षभर रानात असते ती सरकारदरबारी शेतकरी नाहीच. नवरा गेला आणि जमीन अजून सासऱ्याच्या नावावर असली तर तिचे हाल पाहवत नाहीत. सोसायटीचा बोजा घरावर असतो, पण नवं कर्ज मागायला तिच्याकडे उतारा नसतो. आत्महत्याग्रस्त घरांत हे जास्त दिसतं.

यावरचा उपाय नवा नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला बायकांचं अधिवेशन भरवलं, पुढं 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली आणि शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ मध्ये शासनानं त्याच नावाची योजना काढली. नवऱ्यानं तलाठ्याकडे (आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्यायचा, बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. नवरा हयात असतानाच हे होतं, हा त्यातला मोठा फायदा. मग दारूपायी किंवा सावकारापायी जमीन परस्पर विकणं सोपं राहत नाही.

लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांसाठी २०२४ मध्ये सेतू केंद्रांवर रांगा लागल्या होत्या. लक्ष्मीमुक्तीच्या अर्जासाठी रांग लागल्याचं कुठं दिसत नाही. एक कारण उघड आहे: ते पैसे सरकारचे होते, इथं नवऱ्याला स्वतःचं द्यायचं आहे. दुसरं असं की लगेच हाती काही पडत नाही. पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये कुटुंबाला एकदाच मिळतात, नाव वाढलं म्हणून दुप्पट होत नाहीत.

ज्यांच्या घरी वारस नोंद चालू आहे त्या लेकीबाळींनी नमुना ९ ची नोटीस पाहावी. तिच्यात आपलं नाव नसेल तर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत देता येते, मग ती नोंद तक्रारी म्हणून चालते. फेरफार मंजूर झाला असेल तर प्रांताकडे ६० दिवसांत अपील आहे. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मात्र दिवाणी कोर्टाशिवाय मोडत नाही, तेव्हा सही करण्याआधी ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं.