आईची पुढची बदली माझ्या घरी नको

आईच्या निरोप समारंभात ११ जण बोलले. त्यातल्या ७ जणांनी तिला सांगितलं, ‘आता नातवंडं सांभाळा.’ मी मोजत होते. माझी ४ महिन्यांची मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती आणि दर वेळी मंडपातल्या माना आमच्याकडे वळत होत्या, त्यामुळे मोजणं सोपं गेलं.

आई बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ३४ वर्षं नोकरी. कागदावर जन्मतारीख १ जून १९६७, म्हणजे त्या पिढीतल्या कित्येकांसारखी, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. नियमानं ५८ पूर्ण झाली की निवृत्ती, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेचा जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून ३१ मे २०२५. मे महिन्यात शाळेला सुट्टी, त्यामुळे समारंभ एप्रिलमध्येच उरकला.

शाल, श्रीफळ, साडी, फोटोफ्रेम. बाबांना फेटा आणि मधली खुर्ची. मग एक सन्माननीय पाहुणे म्हणाले, ‘सरांनी मॅडमना नोकरी करू दिली, म्हणून आज हा दिवस दिसतोय.’ टाळ्या. बाबा संकोचून हसले. आई पण हसली.

‘करू दिली.’ हे शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

कारण बाबाही शिक्षकच. त्याच जिल्हा परिषदेत, त्याच वेतनश्रेणीत, ३ वर्षं आधी निवृत्त झालेले. त्यांच्याही समारंभाला मी होते. तिथे कुणी म्हणालं नाही की मॅडमनी सरांना नोकरी करू दिली. खरं तर तेच जास्त खरं ठरलं असतं. पहाटे साडेचारला उठून दोन डबे कोण करत होतं? बाबांना सांगितलं गेलं, ‘आता फिरा, वाचा, तब्येत सांभाळा.’ नातवंडांचा विषयही निघाला नाही.

आमच्या धंद्यात याला ए-बी टेस्ट म्हणतात. बाकी सगळं सारखं ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि निकाल बघायचा. नोकरी तीच, पगार तोच, घर तेच. निकाल असा की बाबा गेली ३ वर्षं सकाळी फिरायला जातात, कट्ट्यावर बसतात, दोनदा यात्रेला जाऊन आले. आईला मात्र शाळेतून कार्यमुक्त होण्याआधीच पुढचा बदली आदेश मिळाला. ठिकाण, पुण्यात मुलीचा फ्लॅट. काम, बाळ सांभाळणे. कालावधी, बाळ शाळेत जाईपर्यंत.

आता कबुली. तो आदेश मी काढला होता. माझी २६ आठवड्यांची रजा जूनच्या मध्यावर संपत होती आणि आई १ जूनला मोकळी होणार होती. मी आणि नवरा दोघांनी एकमेकांकडे बघून म्हटलं होतं, ‘चला, प्रश्न मिटला.’ आईला विचारायचं आमच्या डोक्यातही आलं नाही. त्या ११ वक्त्यांवर मी चिडले ते नंतर. आधी मीच बारावी होते.

आईच्या नोकरीत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ नावाचा प्रकार असतो. नवरा-बायको दोघं नोकरीत असतील तर बदलीत त्यांना जवळच्या शाळा मिळाव्यात म्हणून. एकत्र आल्यावर घरातलं काम कसं वाटायचं, याचा शासन निर्णय कुणी काढलेला नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि असं काम करणारे पुरुष ८८. जवळपास ५ तास आणि दीड तास. आईनं हे ५ तास दोन शिक्षकांच्या शाळेत चार इयत्ता सांभाळून काढले. त्यात निवडणूक आणि जनगणना आलीच, कारण शिक्षणहक्क कायद्यानं शिक्षकांना बऱ्याच अशैक्षणिक कामांतून सोडवलं तरी ही दोन त्यात राहिली. २०१५ मध्ये ‘सरल’ आलं. दिवसा सर्व्हर चालायचा नाही, म्हणून आई रात्री बाराला मुलांची माहिती भरायची. मी इंजिनिअरिंगला होते. सुट्टीत घरी आले की शेजारी बसून टाइप करून द्यायचे आणि त्या वेबसाइटला शिव्या द्यायचे. आई म्हणायची, ‘हळू बोल, बाबा झोपलेत.’

हे सगळं झाल्यावर या बाईला आपण म्हणतो, आता आराम करा, म्हणजे बाळ सांभाळा. ज्यांनी ८ महिन्यांचं रांगतं मूल एक दिवस एकट्यानं सांभाळलंय, त्यांनी सांगावं यात आराम कुठे आहे.

‘पण आजीला नातवंडांची ओढ नसते का?’ असते. माझ्या आईलाही आहे, व्हिडिओ कॉलवर ती बाळाशी जे बोलते ते ऐकलं की कळतं. पण मनात आलं म्हणून नातीला घेऊन बसणं वेगळं आणि सकाळी ९ ते रात्री ८, आठवड्यातले ५ दिवस, किरकोळ रजेशिवाय हजर राहणं वेगळं. दुसरी गोष्ट नोकरी आहे. तिला प्रेमाचं नाव दिलं की पगार द्यावा लागत नाही आणि समोरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

आणि ही नोकरी मुळात आईची नव्हतीच. २०१७ च्या दुरुस्तीपासून तेव्हाच्या मातृत्व लाभ कायद्यात स्पष्ट होतं, ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाता आलं पाहिजे. माझ्या कंपनीत हजाराच्या वर माणसं आहेत. मी एचआरला विचारलं. तिकडून अगदी आपुलकीनं विचारणा झाली, ‘घरी कुणी नाही का? आई, सासूबाई?’ नवऱ्याला बाप झाल्याबद्दल ५ दिवस रजा मिळाली होती, तीही कंपनीची मेहरबानी, कारण खासगी नोकरीत बापाला पगारी रजा देणारा कायदाच नाही. थोडक्यात, कंपनीनं जबाबदारी माझ्यावर टाकली, नवऱ्यानं थोडी आणि मी बरीच आईवर. साखळीच्या शेवटी एक ५८ वर्षांची निवृत्त शिक्षिका उभी होती. हिंजवडीतल्या किती लॅपटॉपमागे अशी एकेक आजी उभी आहे, ते आपापल्या फ्लोअरवर विचारून बघा.

ज्यांना पाळणाघर परवडत नाही, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. मी माझ्यासारख्यांबद्दल बोलतेय. दोन पगार, ईएमआयवर गाडी, दर वीकेंडला बाहेर जेवण. आपल्याला परवडतं. आपल्याला फक्त फुकटचं जास्त आवडतं.

मे महिन्यात एका दुपारी मी आईला विचारलं, ‘तुला आता काय करायचंय?’ ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, ‘आधी झोपायचंय. गजर न लावता किती वाजता जाग येते ते बघायचंय. मग रोज दोन तास असे पाहिजेत की मी कुठे आहे हे कुणी विचारू नये.’

‘आणि बाळ?’

‘येईन की. मला वाटेल तेव्हा. पाहुणी म्हणून.’ मग जरा थांबून, ‘चालेल ना तुला? राग नाही ना येणार?’

३४ वर्षं वर्ग चालवलेली बाई स्वतःच्या पोटच्या पोरीकडे परवानगी मागत होती. तिला नोकरी ‘करू दिली’ होती, आता आराम ‘करू द्यायची’ पाळी माझी होती. मला लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

जूनपासून बाळ पाळणाघरात जातं. सकाळचं सगळं नवरा बघतो, त्यासाठी त्यानं ऑफिसात ११ च्या आधी मीटिंग घ्यायची नाही असं सांगून टाकलंय. संध्याकाळचं मी बघते. दमतो, भांडतो, जमतं. पेन्शन आईच्या खात्यात येते आणि इतकी वर्षं बाबांच्या पाकिटात असलेलं एटीएम कार्ड आता तिच्या पर्समध्ये आहे. पहिल्यांदा पैसे काढले तेव्हा तिनं मला स्लिपचा फोटो पाठवला.

बाबा कुकर लावायला शिकतायत. शिट्ट्या मोजायला चुकतात. पण आयुष्यभर पोरांना पाढे शिकवलेला माणूस आहे, जमेल त्यांना.