क्षमेचा बाजारभाव

9 नोव्हेंबर 2022 या एकाच दिवशी ब्रिटनमध्ये दोन घटना घडल्या. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या परिचारिकांच्या संघटनेने आपल्या 106 वर्षांच्या इतिहासातील पहिल्या राष्ट्रव्यापी संपाचा कौल जाहीर केला. त्याच रात्री, महासाथीच्या काळात देशाचे आरोग्यखाते ज्यांच्या हाती होते ते मॅट हॅनकॉक आयटीव्ही वाहिनीच्या 'आय ॲम अ सेलिब्रिटी... गेट मी आउट ऑफ हिअर!' या कार्यक्रमात ऑस्ट्रेलियाच्या जंगलात दाखल होताना घरोघरी दिसले. श्रमाला मोल मिळत नाही, अशी पहिल्या घटनेतील तक्रार होती. अपकीर्तीला केवढे मोल मिळते, याचे दुसरी घटना हे प्रात्यक्षिक होते.

2002 पासून चाललेल्या या कार्यक्रमाची रीत सर्वश्रुत आहे. नामवंतांना न्यू साउथ वेल्समधील अरण्यात ठेवायचे, तांदूळ आणि घेवड्याच्या तुटपुंज्या शिध्यावर जगवायचे आणि किड्यामुंग्यांच्या परीक्षेत कोणाला ढकलायचे याचा कौल प्रेक्षकांकडून घ्यायचा. त्या परीक्षेत जितके यश, तितके छावणीला जेवण. असह्य झाले तर कार्यक्रमाचे नावच मोठ्याने उच्चारावे, की सुटका! भुकेचा हा खेळ चालू असताना ब्रिटनमधील महागाईचा दर 11.1 टक्क्यांवर, म्हणजे 41 वर्षांतील उच्चांकावर, पोहोचला होता. अन्नपदार्थ वर्षभरात 16 टक्क्यांहून अधिक महागले होते. एप्रिल ते सप्टेंबर 2022 या सहा महिन्यांत ट्रसेल ट्रस्टच्या अन्नपेढ्यांनी सुमारे 13 लाख शिधापाकिटे वाटली. त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे सुटकेचा असा कोणताही परवलीचा शब्द नव्हता.

हॅनकॉक त्या वेळी संसदेचे विद्यमान सदस्य होते. अधिवेशन चालू असताना मतदारसंघ सोडून ते जंगलात गेले, म्हणून त्यांच्याच हुजूर पक्षाने त्यांना संसदीय गटातून निलंबित केले. जून 2021 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले होते, ते अंतर राखण्याचा जो नियम जनतेला घालून दिला तोच कार्यालयात मोडताना चित्रफितीत सापडल्यामुळे. परंतु खरा हिशेब त्याहून मोठा होता. महासाथीच्या पहिल्या लाटेत इंग्लंडमधील वृद्धनिवासांत सुमारे 20 हजार माणसे दगावली. लक्षणे नसलेल्या रुग्णांकडून होणाऱ्या संसर्गाचा धोका विचारात न घेता रुग्णालयांतील वृद्धांना या निवासांत धाडण्याचे धोरण बेकायदेशीर होते, असा निर्णय उच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये दिला होता. सार्वजनिक चौकशी आयोगाची साक्षीची कामे अजून सुरू व्हायची होती. अशा वेळी हे गृहस्थ छावणीत बसून, आपल्याला थोडी क्षमा हवी आहे, असे सांगत होते.

या क्षमेचा दर संसदेच्या हितसंबंध नोंदवहीत पुढे नोंदला गेला: 3 लाख 20 हजार पौंड. खासदाराचे वार्षिक वेतन त्या वर्षी 84,144 पौंड होते आणि नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेचे 27,055 पौंड. म्हणजे ज्या परिचारिकांसाठी याच मंत्र्यांच्या राज्यात जनतेने दारात उभे राहून टाळ्या वाजवल्या, त्यांच्यापैकी एकीला जवळजवळ बारा वर्षे राबून जे मिळेल, ते जंगलातील काही दिवसांत मिळाले. त्यातील 10 हजार पौंड धर्मादाय संस्थांना दिले गेले. शेकडा तीन, हे या पश्चात्तापाचे प्रमाण!

या कार्यक्रमाचे समर्थक म्हणतात की, प्रेक्षकांनी त्यांना शिक्षाच केली. ओळीने अनेक परीक्षांना त्यांनाच पाठवले, नको ते प्राण्यांचे अवयव खायला लावले. हा युक्तिवाद वरवर लोकशाहीचा वाटतो, पण तो फसवा आहे. प्रत्येक मताने हॅनकॉक यांना पडद्यावर अधिक वेळ मिळाला, वाहिनीला अधिक प्रेक्षक मिळाले आणि जाहिरातदारांना अधिक गिऱ्हाईक. चीड हाच येथे कच्चा माल होता. तो फुकट पुरवणाऱ्या जनतेच्या पदरी सूड घेतल्याचा भास तेवढा पडला. शेवटी ते तिसऱ्या क्रमांकावर आले. कोविडमध्ये आप्त गमावलेल्यांच्या संघटनेला मात्र, या माणसाने येथून चालते व्हावे, हे सांगण्यासाठी छावणीवरून विमानाने फलक फिरवावा लागला. क्षमा करण्याचा अधिकार ज्यांचा, ते आकाशात घिरट्या घालत होते. क्षमेचा लिलाव खाली चालू होता.

हा एका व्यक्तीचा अधःपात मानून स्वस्थ बसता येणार नाही. 2012 मध्ये खासदार नॅडीन डॉरिस याच जंगलात गेल्या, पक्षातून निलंबित झाल्या. 2021 मध्ये ज्या खात्याकडे प्रसारणाचा विषय आहे त्याच खात्याच्या त्या मंत्री झाल्या. 2023 मध्ये नायजेल फराज तेथे तिसरे आले आणि जुलै 2024 मध्ये क्लॅक्टनमधून संसदेत निवडून गेले. राजकारणातील माणसाला कृतीचा जाब न विचारता त्याचा स्वभाव 'गोड' आहे की नाही एवढेच पाहण्याची सवय जडली, की सत्तेचे काम सोपे होते. हा साचा परदेशातच राहिला असेही नाही. 2009 मध्ये सोनी वाहिनीने 'इस जंगल से मुझे बचाओ' या नावाने तो आपल्याकडे आणला होता.

जून 2023 मध्ये हॅनकॉक चौकशी आयोगापुढे शपथेवर साक्षीला उभे राहिले. तेथे संगीत नव्हते, जाहिराती नव्हत्या. विचारले जात होते ते फक्त प्रश्न, आणि ऐकायला मृतांचे नातेवाईक होते. लोकशाहीत माजी मंत्र्याची परीक्षा घेण्याची जागा तीच. कंटाळवाण्या, कागदपत्रांनी भरलेल्या त्या खोलीकडे पाठ फिरवून जनता जंगलाकडे पाहत राहिली, तर पुढच्या महासाथीतील मंत्र्याला कायद्याची भीती उरणार नाही. आपला दर काय येईल, एवढीच चौकशी तो करील.