आधी पाणी, मग फोम

नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग अशा शिकागोच्या उपनगरांतल्या वीस-तीस वर्षं जुन्या घरांभोवती एक फेरी मारली, की गॅरेजच्या दाराशी ड्राइव्हवे इंच-दीड इंच खचलेला, पुढच्या पायऱ्यांपाशी फुटपाथ कलंडलेला आणि मागचा पॅटिओ घराच्याच दिशेने झुकलेला हमखास दिसतो. एप्रिल-मे उजाडला की खचलेल्या काँक्रीटखाली फोम भरून ते उचलून देणाऱ्या फोमवाल्यांची पत्रकं दारावर लागू लागतात: दोन तासांत काम, संध्याकाळी गाडी लावा. या पत्रकांवर आपल्या मंडळींत दोन टोकांची मतं ऐकू येतात. ‘जमिनीत प्लास्टिक भरायचा धंदा आहे, सगळं फोडून नवं काँक्रीट घाला’ हे एक, आणि ‘फोम मारला की प्रश्न मिटला’ हे दुसरं. मला दोन्ही पटत नाहीत. काँक्रीटची लादी धड असेल तर फोम हाच बहुतेक वेळा शहाणपणाचा उपाय आहे. पण ज्या पाण्यामुळे ती खचली त्याला वाट करून दिल्याशिवाय भरलेला फोम म्हणजे छप्पर गळतंय म्हणून खालची बादली बदलत राहणं.

लादी खचते कशी, ते आधी पाहू. इथल्या घरांना बेसमेंट असतं. ते बांधताना पायाच्या भिंतीबाहेर काही फूट जागा जास्तीची खणतात आणि भिंत उभी राहिल्यावर तीच माती परत ढकलतात. आपल्याकडे जोत्यात मुरूम भरताना थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमस करायची आणि मगच पुढचा थर, अशी रीत आहे. इथे बिल्डरच्या घाईत ती बरेचदा राहते. या सैल भरावावर चार इंच जाडीचं काँक्रीट ओतलं जातं, आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात छपराच्या पन्हळीचा डाउनस्पाउट उतरतो. हिशेब सोपा आहे. पाचशे चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तर तीनशे गॅलनहून जास्त पाणी एका नळीतून खाली येतं. शिकागोत वर्षाकाठी सुमारे ३८ इंच पाऊस-बर्फ पडतो, म्हणजे त्या एका कोपऱ्यात अकरा हजार गॅलनच्या वर. माती बसते, बारीक कण वाहून जातात, लादीखाली पोकळी होते. त्यात हिवाळा. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं, ओली माती लादीला वर ढकलते आणि मार्चमध्ये वितळताना तिला पूर्वीच्या जागी आणून सोडेलच असं नाही. या सगळ्यात काँक्रीटचा दोष फारच थोडा.

फोम या पोकळीवर काम करतो. लादीला साधारण पाच अष्टमांश इंचाची भोकं पाडतात, त्यांत नळीचं तोंड बसवतात आणि दोन रसायनं गरम नळ्यांतून आणून बंदुकीच्या टोकाशी एकत्र करतात. मिश्रण काही सेकंदांत फुगतं, आधी पोकळी भरतं आणि मग लादी उचलू लागतं. लादीच्या दहा बाय दहा फुटांच्या तुकड्याचं वजन पाच हजार पौंडांच्या घरात असतं. तो केसाकेसाने वर येताना दिसतो. जाणता कामगार एकाच भोकात दाब देत बसत नाही. एक हात दोरीवर किंवा लेव्हलवर ठेवून तो दोन-तीन सेकंदांचे झटके देतो, थांबतो, पुढच्या भोकाकडे जातो, पुन्हा मागे येतो. सांध्यातून बाहेर आलेला पिवळसर फेस खरवडून काढतो आणि भोकं सिमेंटने बुजवतो. ही सबुरी महत्त्वाची, कारण जास्त उचललेली लादी खाली घ्यायची सोय नाही. दुकानातून किट आणून शनिवारी स्वतःच हे उरकावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिवाय न मुरलेल्या रसायनातले आयसोसायनेट श्वसनाला घातक असतात, तेही आहेच.

आता आक्षेप. नवीन काँक्रीटने पाटी कोरी होते, असं म्हणतात. पण नवी लादी बसते त्याच सैल भरावावर. खालची माती उकरून, खडी घालून, यंत्राने नीट दाबली तरच ती टिकेल, आणि हे काम कोटेशनमध्ये लिहिलेलं आहे का, ते बघावं लागतं. दहा बाय वीस फुटांचा ड्राइव्हवे फोडला तर पाच टनांचा राडारोडा उचलायचा, तेवढंच नवं काँक्रीट ओतायचं आणि गाडी आठवडाभर रस्त्यावर. फोडणं योग्य ठरतं ते लादीचे चार-पाच तुकडे झाले असतील, मिठाने तिची कातडी सोलली असेल किंवा झाडाच्या मुळाने ती उचलली असेल तेव्हा. अशा लादीखाली फोम भरणारा पैसे पाण्यात घालतो.

दुसरा आक्षेप स्वस्ताईचा: जुन्या पद्धतीने माती-सिमेंटचा गारा भरला तर कमी खर्च येतो. खरं आहे, आणि बागेतल्या मोकळ्या पॅटिओला तो चालूनही जाईल. पण दहा बाय दहाच्या लादीखाली सरासरी दीड इंच पोकळी धरली तर ती साडेबारा घनफूट भरते. गाऱ्याचं वजन घनफुटाला शंभर पौंडांच्या आसपास, म्हणजे आधीच दबलेल्या मातीवर साडेबाराशे पौंडांची भर. फोम तेवढीच जागा पन्नासेक पौंडांत भरतो. भरावाच्या जागी हा फरक मला निर्णायक वाटतो.

प्लास्टिकचा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन. ते खनिज तेलापासून बनतं, मातीत कुजत नाही, आणि कधी लादी फोडलीच तर ते काँक्रीटला चिकटून कचऱ्यात जातं. पण समोरच्या पारड्यात काय आहे, तेही मोजायला हवं. जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सात-आठ टक्के धरला जातो. पाच टन चांगलं काँक्रीट फेकून पाच टन नवं ओतणं ही निसर्गसेवा नव्हे. शंभरेक पौंड फोमने त्या लादीला आणखी पंधरा-वीस वर्षं मिळत असतील तर मी फोमच्या बाजूने आहे. दर तीन वर्षांनी तो भरावा लागणार असेल तर नाही. आणि यांतलं कोणतं होईल, हे ठरतं डाउनस्पाउटवर.

म्हणून कामाचा क्रम. आधी डाउनस्पाउटला लांबीची नळी जोडून पाणी घरापासून दूर न्यावं. इथल्या इमारत नियमांत घराभोवतीच्या जमिनीला पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार सांगितला आहे, तो बघावा. लादीवर बादलीभर पाणी ओतलं की ते कुठे धावतं, ते लगेच कळतं. हातोडीच्या दांड्याने ठोकलं की पोकळीही ऐकू येते. मग फोम, आणि शेवटी सांध्यांत सीलंट. खणण्याआधी, भोकं पाडण्याआधी ८११ ला फोन करून भूमिगत लाइनी दाखवून घ्याव्यात, पण स्प्रिंकलरच्या पाइपासारख्या खाजगी लाइनी ते दाखवत नाहीत, त्या आपल्यालाच सांगाव्या लागतात.

‘एवढ्याशा इंचासाठी कशाला खर्च,’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक माप. सार्वजनिक जागी चालण्याच्या वाटेवर पाव इंचाहून जास्त उभा फरक ठेवायचा नाही, असा अपंगांसाठीच्या इथल्या कायद्याचा दंडक आहे. घराला तो लागू नाही, पण पाय अडखळायला कायदा लागत नाही. उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-बाबा जेवणानंतर याच ड्राइव्हवेवर शतपावली घालतात, आणि व्हिजिटर इन्शुरन्स खुब्याच्या ऑपरेशनला किती पुरतो, ते आपण जाणतो. घराच्या विम्यातून तर लादी खचल्याचे पैसे सहसा मिळतच नाहीत. नेहमीच्या पॉलिसीत जमीन खचणं वगळलेलंच असतं. राहिली फोमवाल्याची वॉरंटी. ती सही करण्याआधी पूर्ण वाचावी, विशेषतः पाण्याच्या निचऱ्याची जबाबदारी कोणाची, हे सांगणारी ओळ. ती बहुधा बारीक अक्षरात असते आणि तिथे घरमालकाचंच नाव असतं.