कुलूपबंद नोंदी

मे 2021 मध्ये गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली. त्या औषधाची महती गाणारा, तज्ज्ञांच्या छाननीपूर्वीच प्रसृत झालेला इजिप्तमधील एक निबंध जुलैत मागे घेतला गेला. त्यातील काही रुग्ण प्रयोग सुरू होण्याआधीच दगावलेले होते! मूळ नोंदी संकेतशब्दाच्या कुलपात होत्या. एका विद्यार्थ्याने ते उघडले म्हणून हे समजले.

2020 मध्ये कोरोनाविषयक अशा निबंधांची यंत्राकरवी तपासणी सुरू झाली. नोंदी खुल्या आहेत काय, मर्यादा सांगितल्या आहेत काय, हे यंत्र विचारते. विचारावेच. परंतु निबंधात तसे वाक्य आहे, एवढेच त्याला दिसते. वाक्याचा खरेखोटेपणा नव्हे. सार्वजनिक पैशाने औषध वाटणाऱ्या शासनाने तरी आधी नोंदी मागाव्यात.