कारण कळवावे, ही विनंती

आमच्या तिगावातून दिवसाला किती गाड्या जातात, हे गावातल्या माणसाला विचारलं तर त्याला सांगता येणार नाही. नागपूर-इटारसी मार्गावरचं हे लहानसं स्टेशन. पांढुर्णा मागे टाकलं की आम्ही, आणि पुढे चिचोंड्याकडे घाट. मालगाड्या रात्रंदिवस धडधडत जातात आणि आम्हाला त्या ऐकूच येत नाहीत. गेल्या वर्षी मात्र एक मालगाडी आमच्या घरातल्या सगळ्यांनी अगदी पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत ऐकली. आतल्या खोलीत पुतण्याची मुलाखत चालू होती.

पुतण्या म्हणजे चुलतभावाचा मुलगा. नागपुरात संगणक शाखेतून बी. ई. झालेला, आमच्या घरातला पहिला इंजिनिअर. कंपनी जगभर नाव असलेली. ते नाव इथे देत नाही, कारण मला गाऱ्हाणं मांडायचं आहे आणि तिची बाजू मला माहीत नाही. आधी एक ऑनलाइन परीक्षा झाली, ती तो पास झाला. दुसरी झाली, तीही पास. मग व्हिडिओवर मुलाखत. माझ्याकडे नेट बरं चालतं म्हणून लॅपटॉप घेऊन तो माझ्या घरी आला. दार लावलं, आवाज नको म्हणून पंखाही बंद केला. मी ओसरीवर बसून पेपर वाचायचं सोंग करत होतो.

पाऊण तासाने बाहेर आला तो घामाने भिजलेला. म्हणाला, "येत होतं काकाजी मले. सांगताच नाई आलं."

काय येत होतं ते त्याने रात्री जेवताना समजावून सांगितलं. मालगाडीसारखी एक माळ समजा. प्रत्येक डब्यावर फक्त पुढच्या डब्याचा पत्ता लिहिलेला. कुठेतरी चुकून एखाद्या डब्यावर मागच्याच डब्याचा पत्ता पडला, तर पत्ते वाचत जाणारा माणूस गोल गोल फिरत राहील. अशी गाठ पडली आहे की नाही, हे कसं ओळखाल? उत्तर असं की दोन माणसं सोडायची. एकाने एकेक डबा पुढे जायचं, दुसऱ्याने दोन-दोन. देवळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या दोघांसारखं. वाट गोल असेल तर भरभर चालणारा सावकाश चालणाऱ्याला मागून येऊन गाठणारच. वाट सरळ असेल तर तो टोकाला पोचेल आणि भेट होणार नाही. मी बी. ए., मराठी आणि इतिहास घेतलेला. मला पोळी संपायच्या आत समजलं. मग मुलाखत घेणाऱ्याला का नाही सांगता आलं?

"विचार करत होतो नं," तो म्हणाला.

म्हणजे गप्प बसून विचार करत होता. तीन-चार मिनिटं. पलीकडच्याने दोनदा विचारलं, आवाज येतोय ना? मग मालगाडी आली. ती जाईपर्यंत पलीकडचा माणूस थांबला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. नंतर शोधाशोध केल्यावर आम्हाला कळलं की या मोठ्या कंपन्यांच्या मुलाखतीत उत्तराइतकंच महत्त्व तिथवर पोचण्याच्या वाटेला असतं. उमेदवाराने मोठ्याने बोलत विचार करावा, चुकला तर चुकलो म्हणावं, प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा असते. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर तोंडातल्या तोंडात बडबडणाऱ्या पोराला काय म्हणतात ते सांगायला नको. नीट विचार करून, एकदाच आणि नेमकं बोलावं, हे आम्हीच त्याला लहानपणापासून शिकवलं. घरी वऱ्हाडी मराठी, बाजारात हिंदी, पुस्तकात इंग्रजी, अशा तीन भाषांत वाढलेल्या मुलाला विचार करायला शांतता लागते. त्यात त्याचं काय चुकलं?

पण थांबा. तो गप्प बसला म्हणूनच नापास झाला, हे तरी आम्हाला कुठे माहीत आहे? ते आमचं अनुमान. कंपनीच्या पोर्टलवर चार महिने 'विचाराधीन' अशी पाटी होती. मग दोन ओळींचा मेल आला: आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभार, या वेळी आम्ही इतर उमेदवारांसह पुढे जात आहोत. बस. मालगाडी नडली, इंग्रजी नडलं, कॉलेजचं नाव नडलं, की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरोखर चुकलं? घरातल्या प्रत्येकाचं वेगळं कारण आहे, आणि पोराने मात्र त्यातलं सगळ्यात वाईट निवडलं: आपल्याला काही येत नाही.

मी सरकारी कारकून. कारकुनांची चेष्टा करायचा सगळ्यांना हक्क आहे, तो मी मान्य करतो. पण आमच्या टेबलावरून अर्ज परत जातो तेव्हा त्यावर काहीतरी शेरा मारावा लागतो. आमचं काम हिंदीत चालतं, त्यामुळे शेराही हिंदीत. 'दस्तावेज़ अपूर्ण' लिहू, 'अपात्र' लिहू, पण कोरा कागद परत करता येत नाही. शेरे पुष्कळदा पोकळ असतात, 'नियमानुसार कार्यवाही' या शब्दांमागे काय काय लपतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तरी त्या पोकळ शेऱ्याला धरून माणूस वरच्या साहेबाकडे जाऊ शकतो. २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे. म्हणजे पुतण्या सरकारी परीक्षेत नापास झाला असता तर आपली उत्तरपत्रिका मागवू शकला असता. खाजगी कंपनीला तो कायदा लागू नाही.

मुलाखतीच्या बाबतीत सरकारने वेगळीच वाट धरली. १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात पंतप्रधानांनी खालच्या पदांच्या मुलाखतींचा विषय काढला आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' पदांच्या मुलाखती बंद झाल्या. कारण उघड होतं, वशिला. माझी स्वतःची मुलाखत त्याच्या कितीतरी आधीची. तिघे बसले होते. पांढुर्ण्याकडचा म्हटल्यावर एकाने विचारलं, तुम्ही कलेक्टर असता तर गोटमार कशी बंद केली असती? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात, ती गोटमार. मी काहीतरी बोललो, तिघेही हसले. मला नोकरी लागली. का लागली, ते मलाही कोणी सांगितलं नाही. फक्त लागलेल्या माणसाला कारण विचारावंसं वाटत नाही, एवढंच.

तंत्रज्ञानवाल्यांच्या मुलाखतींचा इतिहास मोठा गमतीदार आहे. मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींत गटाराची झाकणं गोल का असतात असे प्रश्न विचारत, आणि ते इतके गाजले की २००३ मध्ये विल्यम पाउंडस्टोन यांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. (गोल झाकण कसंही फिरवलं तरी आत पडत नाही, म्हणून.) २००४ मध्ये गूगलने कॅलिफोर्नियात महामार्गावर कंपनीचं नावसुद्धा न देता एक फलक लावला: 'ई' या गणिती संख्येच्या अंकांत सलग सापडणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधा. ती होती ७४२७४६६३९१. ती सोडवणाऱ्याला पुढचं कोडं, आणि शेवटी नोकरीचं आमंत्रण. आपल्याकडे इन्फोसिसच्या लेखी परीक्षेसाठी मुलं शकुंतलादेवींची कोड्यांची पुस्तकं पाठ करत. कोडं पाठ केल्यावर ते कोडं कसलं राहतं, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणाला पडला नसावा.

मग २०१३ मध्ये गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी न्यूयॉर्क टाइम्सला चक्क सांगून टाकलं की ही कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय, त्यातून उमेदवार पुढे कसं काम करेल ते काहीच कळत नाही, प्रश्न विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचं समाधान तेवढं मिळतं. हजारो मुलाखतींचे गुण आणि त्या माणसांचं नंतरचं काम ताडून पाहिलं, तर दोन्हींत मेळ नव्हता. हा कबुलीजबाब वाचून मी त्या कंपनीला मनातल्या मनात नमस्कार केला. पण त्या कोड्यांत जी मुलं नापास झाली, त्यांना कोणी कळवलं असेल का, की बाबांनो, चूक आमच्या फूटपट्टीची होती?

आणि फूटपट्टी चुकते. अ‍ॅमेझॉनने अर्ज चाळायला एक यंत्र बनवून पाहिलं होतं. आधीच्या दहा वर्षांतल्या अर्जांवरून ते शिकलं आणि ते अर्ज बहुतेक पुरुषांचे, म्हणून 'महिला' हा शब्द दिसला की गुण कापू लागलं. ते यंत्र मोडीत निघालं, आणि ही हकीकत रॉयटर्सने २०१८ मध्ये छापली. तेव्हा "कॉलेजचं नाव पाहून काढलं असंन" असं पोरगा म्हणतो, त्याला मी वेड्यात काढू शकत नाही. खरं नसेलही. पण खोटं आहे हे मी कशावरून सांगू?

इथे मला पुण्याची एक जुनी गोष्ट आठवते. १९७४ साली टेल्कोची जाहिरात निघाली, त्यात स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं. बंगळूरला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्तींनी, जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड टाकलं. कंपनीने पुण्याला मुलाखतीला बोलावलं. ही गोष्ट सगळे पोस्टकार्डासाठी सांगतात. मला त्यातला मुलाखतीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. स्त्रिया का नकोत, याचं कारण त्या मंडळींनी समोरासमोर सांगितलं: आजवर कारखान्याच्या कामाला कोणी बाई घेतलेली नाही. कारण चुकीचं होतं, पण बोलून दाखवलेलं होतं, म्हणून समोरच्या मुलीला त्याला उत्तर देता आलं. तिने ते दिलं आणि तिला नोकरी मिळाली.

गूगलकडे वर्षाला वीस लाखांवर अर्ज येतात, प्रत्येकाला कारणं कोण लिहीत बसणार, असं कोणी म्हणेल. मान्य. अर्ज करणाऱ्या सगळ्यांना नका लिहू. पण दोन परीक्षा पास होऊन जो पाऊण तास तुमच्यासमोर बसला, त्याच्याविषयी मुलाखत घेणाऱ्याने लिहून ठेवलेलं असतं. या कंपन्यांत तशी पद्धतच आहे, त्या नोंदींवरून निर्णय होतो. म्हणजे कारण नव्याने लिहायचं नाही, लिहिलेलंच दाखवायचं आहे. कोर्टकचेरीची भीती असते हेही खरं. युरोपात २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाने ठरवलं की परीक्षार्थीची उत्तरं आणि त्यांवरचे परीक्षकाचे शेरे ही परीक्षार्थीची वैयक्तिक माहिती आहे. त्यामुळे तिथल्या परीक्षा बंद पडल्या नाहीत.

२०२५ मध्ये गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई म्हणाले की पडद्याआडून यंत्राकडून उत्तरं घेणारे उमेदवार वाढल्यामुळे निदान एक फेरी समोरासमोर घेण्याकडे कंपनी पुन्हा वळते आहे. आमच्यासारख्यांना त्यात नागपूर-बंगळूरचं भाडं आलं. पण मालगाडी तरी आड येणार नाही.

पुतण्याला मी अर्ज करायला लावला. माझ्या हाताला येतो तसाच मसुदा करून दिला: विषय, मुलाखतीत अपात्र ठरविल्याचे कारण कळविणेबाबत, संदर्भ, आपला अमुक तारखेचा मेल, उपरोक्त विषयी सविनय विनंती की... त्याने हसत हसत त्याचं इंग्रजी केलं आणि ज्या पत्त्यावरून नकार आला होता त्याच पत्त्यावर पाठवलं. मिनिटभरात उत्तर आलं. हा पत्ता फक्त पाठवण्यासाठी आहे, इथे आलेले मेल वाचले जात नाहीत.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका कंपनीची मुलाखत आहे. रोज संध्याकाळी तो संत्र्याच्या बागेत जातो आणि झाडांमधून फेऱ्या मारत इंग्रजीतून मोठ्याने विचार करतो. परवा वहिनी काळजीने मला विचारायला आल्या, "भाऊजी, पोरगा एकटाच काय बोलून राहिला?"